गवती चहा, चांदी आणि बाबांचा खोकला

डिसेंबरातला रविवार. रेडिंगला दुपारी साडेतीनलाच दिवे लावावे लागतात, तसे लावले होते. मी वरून खाली आले तर बाबा किचनच्या टेबलावर नेब्युलायझर मांडून बसलेले. यात नवीन काही नाही. त्यांचा दमा तीस वर्षांचा आहे आणि ऑक्टोबरात अमरावतीहून आले तेव्हा लाडवांच्या डब्याआधी त्यांनी बॅगेतून नेब्युलायझरच बाहेर काढला होता. पण त्या दिवशी हातात नेहमीच्या औषधाची कुपी नव्हती. एक छोटी निळी बाटली होती आणि ड्रॉपर.

"बाबा, हे काय?"

"चांदीचं पाणी. कडुनिंबाच्या पानांपासून केलेलं. नॅनो आहे. सर्दी-खोकल्याचे सगळे व्हायरस मरतात म्हणे. सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये सगळेच घेतात."

"घेतात म्हणजे पितात ना? तुम्ही तर नेब्युलायझरमध्ये घालताय!"

"काहून नाही? खोकला छातीत आहे, तर औषध छातीत नको जायला?"

तर्क बिनतोड होता, हीच तर पंचाईत! मी बाटली काढून घेतली. जरा जोरातच घेतली बहुतेक, कारण आई सिंककडून वळून बघायला लागली. बाबा काही बोलले नाहीत, पण चेहरा पडला. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या हातातून मुलीने बाटली हिसकावावी, हे त्यांना लागलं.

मीही इथल्या एका माध्यमिक शाळेत रसायनशास्त्रच शिकवते. त्यामुळे "असलं काही नसतं" असं म्हणून सुटका नव्हती. कारण असलं काही असतं. आणि त्यातला मोठा भाग आपल्या महाराष्ट्रातच घडलेला आहे.

आधी बाटलीत खरंच काही आहे का ते बघू, असं म्हणून मी लेकीचा मांजराला खेळवायचा लाल लेझर आणला. दिवा बंद केला. साध्या पाण्याच्या ग्लासातून लेझर सोडला तर पाण्यात काही दिसत नाही, फक्त पलीकडच्या भिंतीवर ठिपका पडतो. थोडं चांदीचं पाणी दुसऱ्या ग्लासात ओतून त्यातून सोडला, तर आरपार लाल रेघ उजळून निघाली. पाण्यात अतिसूक्ष्म कण तरंगत असले की ते प्रकाश विखुरतात, म्हणून रेघ दिसते. 'टिंडल परिणाम' म्हणून शाळेत शिकलेला आहे आपण तो.

"पाहा!" बाबा जिंकल्यासारखे म्हणाले. "आहे ना?"

"कण आहेत. चांदीचे आहेत का, किती आहेत, केवढे आहेत, हे लेझर सांगत नाही. दुधाचा थेंब टाकला तरी अशीच रेघ दिसेल."

आईने लगेच दुधाचा थेंब टाकून पाहिला. दिसली.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर बाबांना मी पुण्याची गोष्ट सांगितली. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, पुण्यात राहिलेल्या प्रत्येकाला बाहेरून तरी माहीत असते. तिथे २००० नंतरच्या काही वर्षांत डॉ. मुरली शास्त्री आणि डॉ. अबसार अहमद यांच्या गटाने धातूंचे नॅनोकण बनवायला सजीवांना कामाला लावलं. हे कण आधीही बनत होते, पण त्यासाठी बरीचशी तिखट, विषारी रसायनं लागायची. यांनी सुरुवात बुरशीपासून केली. मग पानांकडे वळले. २००३ मध्ये जिरेनियमची पानं, २००४ मध्ये कडुनिंब, २००५ मध्ये आवळा, २००६ मध्ये कोरफड. यादी वाचताना आजीच्या बटव्यात हात घातल्यासारखं वाटतं. यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग गवती चहाचा. त्याच्या अर्कात सोन्याचा क्षार मिसळला, तर सोन्याचे चक्क पातळ त्रिकोणी कण तयार झाले. २००४ मध्ये तो शोध 'नेचर मटेरियल्स' या नामांकित नियतकालिकात आला. आमच्या खिडकीतल्या कुंडीत जो गवती चहा मी इंग्लंडच्या थंडीपासून बाळासारखा जपते, तोच!

हे होतं कसं? शाळेतलं 'ऑक्सिडीकरण-क्षपण' आठवा. सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळलं की चांदीचे आयन सुटे होतात. त्यांना इलेक्ट्रॉन मिळाला की त्यांची पुन्हा धातूची चांदी होते. पानांच्या अर्कात असलेली पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड, शर्करा असे पदार्थ हा इलेक्ट्रॉन देतात. चांदीचे अणू एकमेकांना चिकटून कण वाढू लागतो. तो वाढतच गेला तर तळाशी गाळ बसेल. पण पानांतलेच काही पदार्थ कणाभोवती वेष्टन तयार करतात आणि वाढ थांबते. करणारा आणि आवरणारा एकाच पानात. मी शाळेच्या सायन्स क्लबमध्ये हा प्रयोग करते. फिकट पाणी आधी पिवळसर, मग चहासारखं तपकिरी होत जातं तेव्हा एरवी फोनमध्ये डोकं खुपसून बसणारी सोळा-सतरा वर्षांची पोरंही मान वर करतात.

"हे सगळं पुण्याचं झालं," बाबा म्हणाले. अमरावतीकराला पुण्याचं कौतुक किती वेळ ऐकवणार?

म्हणून मग अमरावती. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात डॉ. महेंद्र राय यांच्या गटाने बुरशीपासून चांदीचे नॅनोकण बनवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. २०१३ मध्ये त्यांनी आणि इटलीतल्या नेपल्सच्या गाल्डिएरो यांच्या गटाने मिळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या बुरशांनी बनवलेली चांदी त्यांनी नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूवर आणि पॅराइन्फ्लुएन्झा-३ या श्वसनमार्गाच्या विषाणूवर वापरून पाहिली. पॅराइन्फ्लुएन्झा म्हणजे लहान मुलांना घोगरा, भुंकल्यासारखा खोकला आणणाऱ्या विषाणूंपैकी एक. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये विषाणूची लागण कमी झाली. कण बनवणारी बुरशी कोणती आणि कण केवढा यावर परिणाम ठरत होता, लहान कण जास्त प्रभावी होते.

बाबा गप्प झाले. ज्या विद्यापीठाच्या हिरव्यागार परिसरात फिरायला जायचे, तिथे हे चाललं होतं याची त्यांना कल्पना नव्हती. आपल्या गावाचं नाव असं अचानक भेटलं की माणूस कसा होतो, ते इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

"मग झालं तर," थोड्या वेळाने ते म्हणाले. "तू तर माझीच बाजू मांडलीस."

मांडली होती. म्हणून आता पुढचं सांगणं भाग होतं.

जपानमध्ये योकोहामाच्या संशोधकांनी २०२० मध्ये चांदीचे कण थेट कोविडच्या विषाणूवर वापरले. सुमारे १० नॅनोमीटरचे कण चांगले चालले. विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे कण त्याच्या दहाव्या हिश्शाचा. विषाणूच्या अंगावरच्या काट्यांतल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं आणि चांदीला गंधकाची फार ओढ. (आईची चांदीची निरांजनं काळी पडतात तीही गंधकामुळेच.) चांदी काट्यांना चिकटली की विषाणूला पेशीत शिरणं अवघड होतं, असा अंदाज आहे. आता आकडे बघा. दहा लाख भागांत १ ते १० भाग चांदी असताना विषाणू आटोक्यात आला. २० भाग आणि त्यापुढे ज्या पेशींना वाचवायचं, त्याच मरायला लागल्या.

मी बाटली उलटी करून लेबल दाखवलं. २० पीपीएम. पीपीएम म्हणजे तेच, दहा लाखांत भाग.

अर्थात लेबलावर छापलेलं बाटलीत असेलच असंही नाही, आणि बशीतल्या पेशींचा हिशोब जसाच्या तसा माणसाला लागू होत नाही. पण लागू होत नाही हे दोन्ही बाजूंनी. बशीत पेशींचा एक थर असतो, वर मोजून ओतलेलं द्रव. छातीत म्हातारी फुप्फुसं असतात, दम्याने सुजलेल्या नळ्या असतात, कफ असतो, त्यातली प्रथिनं असतात आणि त्यांच्यातही गंधक असतं. चांदी विषाणूपर्यंत पोहोचायच्या आधी वाटेत कुणाकुणाला चिकटेल? उंदरांवर २०१९ मध्ये प्रयोग झाला. लहान मुलांना आणि वृद्धांना छळणारा आरएसव्ही हा विषाणू उंदरांच्या फुप्फुसात चांदीच्या कणांनी कमी झाला. आशा वाटावी असंच ते आहे. पण त्याचबरोबर फुप्फुसात पांढऱ्या पेशींचीही गर्दी झाली. उंदराला ती मानवली. दमेकऱ्याच्या छातीत अशी गर्दी म्हणजे काय, ते बाबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

त्यात वनस्पतीचा स्वतःचा प्रश्न वेगळाच. चैत्रातली कडुनिंबाची कोवळी पानं आणि श्रावणातली जून पानं यांच्या अर्कात फरक असणार. विदर्भातलं झाड आणि कोकणातलं झाड यांच्यातही. अर्क बदलला की कणाचा आकार बदलतो, वेष्टन बदलतं, आणि वर पाहिलं तसं आकारावर तर सगळं अवलंबून. पुन्हा विषाणू मेला तर तो चांदीने मेला की नुसत्या पानांच्या रसाने, हेही वेगळं तपासावं लागतं. प्रयोगशाळेत हे सगळं मोजता येतं. सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये कसं मोजणार?

"पण चांदी तर आपण खातोच की," आई म्हणाली. "काजूकतलीवर वर्ख असतो."

आईचे प्रश्न नेहमी बरोबर जागी लागतात. वर्ख म्हणजे कधीतरी मिठाईवरचा तुकडा, तो पोटातून बहुतेक तसाच निघून जातो. रोज ड्रॉपरने महिनोन्महिने घेतलेली बारीक चांदी अंगात साचते. तिची त्वचा कायमची निळसर-राखाडी होते, डॉक्टरांच्या भाषेत आर्जिरिया. मी बाबांना म्हटलं, "निवडणुकीच्या ड्युटीवर तुम्ही शेकडो बोटांना शाई लावली असेल. त्या शाईत काय असतं?" त्यांना माहीत होतं. सिल्व्हर नायट्रेट. उजेड लागला की काळं पडतं आणि धुऊन जात नाही. बोटावरचा डाग नखाबरोबर वाढून निघून जातो. आर्जिरियाचा जात नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने तर १९९९ मध्येच जाहीर केलं की औषध म्हणून विकली जाणारी कोलॉइडल चांदी सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाही. आणि ही सगळी चर्चा पिण्याची झाली. बाबा तर ती थेट श्वासात घेणार होते.

इथे ब्रिटनमध्ये चांदीला कुणी हसण्यावारी नेत नाही, हेही सांगायला हवं. भाजलेल्या जखमांवर चांदीचं मलम अनेक वर्षं वापरलं गेलं. चांदीच्या पट्ट्याही होत्या आणि एनएचएस त्यांवर बराच पैसा खर्चत होती. मग शेफिल्डच्या डॉक्टरांनी २१३ रुग्ण घेऊन तुलना केली. पायाच्या न भरणाऱ्या जखमांवर निम्म्यांना चांदीची पट्टी, निम्म्यांना बिनचांदीची. २००९ मध्ये निकाल आला. बारा आठवड्यांनी किती जखमा भरल्या, यात दखल घेण्यासारखा फरक नव्हता. चांदी जंतू मारते हे खोटं ठरलं नाही. जंतू मेले म्हणून जखम लवकर भरत नाही, एवढंच कळलं. बाटलीतल्या कडुनिंब-चांदीची माणसांवर अशी कोणती परीक्षा झाली, हे मी बाबांना विचारलं. त्यांनी लेबल पुन्हा वाचलं. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलं होतं.

धातूच्या नॅनोकणांनी श्वसनाच्या विषाणूविरुद्धची एक लढाई मात्र आपल्या डोळ्यांदेखत लढली आहे, आणि या देशातल्या जवळजवळ प्रत्येक घरात. कोविडच्या काळातल्या त्या लॅटरल फ्लो टेस्ट आठवतात? इंग्लंडमध्ये ९ एप्रिल २०२१ पासून त्या सगळ्यांना फुकट मिळायला लागल्या आणि पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलला ते बंद झालं. नाकात काडी फिरवायची, थेंब टाकायचे आणि श्वास रोखून रेघेकडे बघत बसायचं. बऱ्याच किटमध्ये ती लालसर रेघ म्हणजे सोन्याचे नॅनोकण! त्यांना चिकटवलेली प्रतिपिंडं विषाणूचं प्रथिन पकडतात, ठरलेल्या रेषेवर अडकतात आणि हजारो कण एकत्र आले की लाल रेघ दिसते. तेवढं सोनं कुठल्याच सोनाराने तोललं नसेल, पण त्या रेघेवर आम्ही आजीला भेटायला जायचं की नाही ते ठरवलं. विषाणूला मारलं नाही, नुसतं दाखवून दिलं, आणि तेही शरीराच्या बाहेर.

तांब्याचंही तसंच. साउदॅम्प्टन विद्यापीठात प्रा. बिल कीव्हिल यांच्या गटाने साध्या सर्दीचा एक कोरोना विषाणू, २२९ई, वेगवेगळ्या पृष्ठभागांवर ठेवून पाहिला. टेफ्लॉन, पीव्हीसी, काच, टाइल, स्टेनलेस स्टीलवर तो पाच दिवसांनीही लागण करू शकत होता. तांबं आणि तांब्याचं प्रमाण भरपूर असलेल्या पितळेवर काही मिनिटांत निकामी झाला. हे २०१५ चं, म्हणजे कोविडच्या चार-पाच वर्षं आधीचं. आईला हे सांगितल्यावर तिने जिंकल्याच्या थाटात सोबत आणलेला तांब्या वर धरला. तांब्याची दाराची मूठ, पितळी कठडा, हवा गाळायची जाळी, मास्कचं कापड अशा जागी हे धातू आणि त्यांचे नॅनोकण शोभतात, असं मला वाटतं. त्यालाही मर्यादा आहे. कोविडसारखे आजार हवेतून जास्त पसरतात, मुठीवरून कमी. शिवाय कपड्यातली चांदी धुण्याच्या पाण्याबरोबर नदीत गेली की तिथल्या उपयोगी जिवाणूंचं काय, हा प्रश्न आहेच. पण निदान ती बाबांच्या छातीत तरी जात नाही.

रात्री उशिरापर्यंत बाबांचा खोकला भिंतीतून ऐकू येत होता आणि मला झोप नव्हती. खरं सांगायचं तर मला चांदीपेक्षा दुसरीच भीती होती. आई-वडील व्हिजिटर व्हिसावर इथे असतात तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोक्यात हा हिशोब चालू असतो. जीपी दाखवून घेतो, अपघात विभागातली तपासणी फुकट होते. पण अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर परदेशी पाहुण्यांना एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. विमा काढलेला होता, पण जुन्या आजाराचं कलम बारीक अक्षरात होतं. बाबांनाही तो हिशोब कळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "तुम्हाला खर्चात पाडायचं नव्हतं गं. म्हटलं घरच्या घरी होतंय तर करून पाहू." बाटली का उघडली होती, ते तेव्हा कळलं. मी आदल्या दिवशी विज्ञान सांगत बसले होते आणि प्रश्न पैशांचा होता.

सोमवारी कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेलो. फार्मासिस्ट नैरोबीहून आलेल्या गुजराती कुटुंबातला, हिंदी छान बोलतो. त्याने बाटली पाहिली, नेब्युलायझरचं ऐकलं आणि हसला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. "अंकल, नेब्युलायझर में सिर्फ वही, जो उसी के लिए बना है," एवढंच म्हणाला. मग बाबांना इनहेलर ओढून दाखवायला सांगितला. तीस वर्षं इनहेलर वापरणारे बाबा तो चुकीचा ओढत होते! दाबायचे आधी, श्वास घ्यायचे नंतर. औषध जिभेवर राहत होतं. त्याने स्पेसर दिला, लहान मुलांना देतात तसा प्लास्टिकचा डबा. बाबांना जरा लाज वाटली, पण घेतला. फ्लूची लस तिथेच पैसे देऊन टोचून घेतली. जीपीकडे फोन करून छातीही तपासून घेतली. न्यूमोनिया नव्हता. आठवड्याभरात खोकला उतरला, दमही कमी लागायला लागला. साधी सर्दीच असावी, ती आपली आपणही उतरते. म्हणजे त्या आठवड्यात चांदी घेतली असती, तर श्रेय चांदीला गेलं असतं आणि अमरावतीच्या ग्रुपवर रेडिंगहून शिफारस गेली असती.

फेब्रुवारीत हाफ टर्मच्या सुट्टीत त्यांना लंडनला घेऊन गेले. ग्रीन पार्क स्टेशनवर उतरून पाच-सात मिनिटं चाललं की अल्बेमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशन लागतं. तिथल्या फॅरडे म्युझियममध्ये मायकेल फॅरडेने स्वतः बनवलेलं सोन्याचं द्रावण ठेवलेलं आहे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीचं काम शिकलेला. विजेचं काम जगाला माहीत आहे, पण उतारवयात त्याने सोन्याचे इतके बारीक कण बनवले की ते पाण्यात तरंगत राहिले आणि पाणी माणकासारखं लाल झालं. ५ फेब्रुवारी १८५७ ला त्याने रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. आपल्याकडे सत्तावनचा उठाव व्हायला तेव्हा तीन महिने होते. त्याने क्षपणासाठी फॉस्फरस वापरला होता, गवती चहा त्याला कुठून मिळायचा! आणि प्रकाशाचा झोत सोडल्यावर द्रावणात उजळणारा पट्टा त्यानेही पाहून ठेवला होता. आमच्या किचनमधल्या लेझरसारखाच.

बाबा त्या काचेसमोर बराच वेळ उभे होते. मग हळूच म्हणाले, "एवढी वर्षं झाली, कुणी पिऊन पाहिलं नाही ना?"

"बाबा!"

"नाही, विचारलं आपलं."

ते मार्चमध्ये परत गेले. त्यांची निळी बाटली किचनच्या खिडकीत आहे, गवती चहाच्या कुंडीशेजारी, झाकण घट्ट लावलेलं. लेकीच्या मैत्रिणी आल्या की ती दिवा बंद करून लेझर दाखवते. परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना ती मागे दिसली, तर त्यांनी आईला हाक मारली, "अगं, आपला फॅरडे आहे बघ अजून." आईने तिकडून विचारलं, गवती चहा जगला का थंडीत?

जगलाय. दोन नवीन पाती आली आहेत.